संस्थांची तंत्रज्ञान-खरेदी आणि जाहिरातीचे सामर्थ्य

एखादी बँक नवी संगणकप्रणाली घेते किंवा एखादा कारखाना साठा, उत्पादन आणि हिशेब यांना एकत्र जोडणारे सॉफ्टवेअर बसवतो, तेव्हा त्या खरेदीची कागदोपत्री हकीकत ठरलेली असते. गरज नोंदवली जाते, तांत्रिक तपशील लिहिला जातो, दरपत्रके मागवली जातात, तुलनात्मक तक्ता तयार होतो आणि अखेर टिप्पणीवर सही होते. या हकीकतीत जाहिरातीचा उल्लेख कोठेही येत नाही. घरगुती ग्राहक जाहिरातीला भुलतो आणि संस्था हिशेबाने वागते, हा समज त्यामुळेच टिकून राहिला आहे. वस्तुतः संस्थात्मक तंत्रज्ञान-खरेदीच्या इतिहासात जाहिरातीचे स्थान फार मोठे आहे. यंत्र विकण्याचे काम ती क्वचितच करते. दरपत्रक कोणाकडून मागवायचे हे ती बऱ्याच अंशी आधीच ठरवून ठेवते आणि सही करणाऱ्याच्या मनातील जोखमीच्या भीतीला दिशा देते. या दोन्ही कार्यांचा उगम, त्यांची रूपे आणि त्यांच्या मर्यादा हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

संस्थेची खरेदी एकटी व्यक्ती करीत नाही, म्हणून तिचा अभ्यासही स्वतंत्रपणे विकसित झाला. १९६७ मध्ये पॅट्रिक रॉबिन्सन, चार्ल्स फॅरिस आणि योरम विंड यांनी औद्योगिक खरेदीचे तीन वर्ग पाडले : सर्वस्वी नवी खरेदी, फेरबदलासह केलेली पुनर्खरेदी आणि जशीच्या तशी पुनर्खरेदी. मुद्रकाची शाई संपली की तीच पुन्हा मागवणे हे तिसऱ्या वर्गात बसते. हाती लिहिलेल्या खतावण्या बाजूला सारून प्रथमच संगणक आणणे हे पहिल्या वर्गात येते. जाहिरातीचा शिरकाव पहिल्या वर्गात सर्वाधिक होतो, कारण तेथे आधार घ्यावा असा पूर्वानुभव संस्थेपाशी नसतो. पुढे १९७२ मध्ये फ्रेडरिक वेबस्टर आणि विंड यांनी ‘खरेदी केंद्र’ ही संकल्पना मांडली. त्यांच्या मते प्रत्येक मोठ्या खरेदीमागे वापरकर्ता, प्रभावक, निर्णयकर्ता, प्रत्यक्ष खरेदीदार आणि माहितीचा ओघ आत सोडणारा किंवा अडवणारा द्वारपाल अशा पाच भूमिका असतात. एकाच व्यक्तीकडे दोन भूमिका असू शकतात, तशीच एक भूमिका दहा जणांत विभागलेलीही असू शकते. विक्रेत्याचा प्रतिनिधी यांपैकी दोघांतिघांनाच भेटू शकतो. उरलेल्यांपर्यंत, विशेषतः ज्यांच्या दालनात त्याला प्रवेशच नसतो अशा वरिष्ठांपर्यंत, जाहिरात पोहोचते.

हा प्रभाव मोजण्याचा एक लक्षणीय प्रयत्न हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यवसाय प्रशालेतील थिओडोर लेव्हिट यांनी केला. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात खरेदी अधिकारी, अभियंते व शास्त्रज्ञ आणि व्यवस्थापनाचे विद्यार्थी अशा तीन गटांना एका नव्या औद्योगिक उत्पादनाचे चित्रित विक्री-निवेदन दाखवण्यात आले. ते उत्पादन कधी नामवंत कंपनीचे, कधी अपरिचित कंपनीचे, तर कधी निनावी कंपनीचे म्हणून सांगितले गेले. नामवंत कंपनीच्या निवेदनाला पहिली सुनावणी अधिक अनुकूल मिळाली. विक्रेत्याने विषय उत्तम रीतीने मांडला, तर अपरिचित कंपनीला हे अंतर काही प्रमाणात भरून काढता आले. सर्वांत उद्बोधक निष्कर्ष तांत्रिक वर्गाविषयीचा होता. कंपनीच्या सर्वसाधारण लौकिकाचा प्रभाव अभियंते आणि शास्त्रज्ञ यांच्यावर पडणार नाही अशी अपेक्षा होती, परंतु तो त्यांच्यावर ठळकपणे पडलेला दिसला. उलट रोज विक्रेत्यांशी व्यवहार करणारे खरेदी अधिकारी त्या मानाने सावध निघाले. तांत्रिक शिक्षण हे जाहिरातीपासून संरक्षण देणारे कवच आहे, असे मानणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा अभ्यास लक्षपूर्वक वाचावा, असे प्रस्तुत लेखकास मनापासून वाटते.

कार्यालयीन यंत्रांच्या पद्धतशीर प्रचाराचा उगम अमेरिकेतील ओहायओ राज्यातल्या डेटन या गावी झाला. तेथे जॉन पॅटरसन याने १८८४ मध्ये रोकड नोंदवणाऱ्या गल्लायंत्राचा व्यवसाय ताब्यात घेऊन नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी उभी केली. दुकानदारांना असे यंत्र हवे आहे याची जाणीवच नव्हती. गल्ल्यातून पैसे झिरपतात ही शंका त्यांच्या मनात आधी निर्माण करावी लागली, आणि ते काम पॅटरसनच्या टपालाने धाडलेल्या पत्रकांनी केले. विक्रेत्यांसाठी पाठ करावयाची पुस्तिका आणि स्वतंत्र प्रशिक्षणवर्गही त्याने सुरू केले. याच कंपनीत घडलेला टॉमस वॉटसन १९१४ मध्ये एका छोट्या यंत्र-कंपनीचा प्रमुख झाला. १९२४ मध्ये त्या कंपनीने इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स, म्हणजेच आयबीएम, हे नाव धारण केले. पॅटरसनची प्रचारविद्या वॉटसनने तेथे नेली आणि तिला प्रतिष्ठेची जोड दिली. जानेवारी १९४८ मध्ये कंपनीने आपले भव्य गणनयंत्र न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवरील मुख्यालयालगत तळमजल्यावर, मोठ्या काचांच्या आड बसवले. रस्त्याने जाणारा कोणीही थांबून ते पाहू शकत असे. यंत्र गणिते करीत होते आणि त्याच वेळी कंपनीच्या नावाभोवती एक तेजोवलय निर्माण करीत होते.

तरीही केवळ प्रसिद्धीने बाजारपेठ जिंकता येत नाही, याचा पुरावा लगेचच मिळाला. रेमिंग्टन रँड या प्रतिस्पर्धी कंपनीने युनिव्हॅक हा संगणक १९५१ मध्ये अमेरिकेच्या जनगणना खात्याला दिला होता. पुढील वर्षी ४ नोव्हेंबर रोजी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या रात्री सीबीएस या दूरचित्रवाणी संस्थेने युनिव्हॅककडून निकालाचा अंदाज घेण्याचे ठरवले. यंत्र फिलाडेल्फियात होते. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत फक्त लुकलुकणाऱ्या दिव्यांचा एक देखाव्याचा फलक ठेवलेला होता. मतचाचण्या चुरशीची लढत सांगत असताना अगदी थोड्या मतांच्या मोजणीवरून युनिव्हॅकने आयझेनहॉवर यांना ४३८ निर्वाचक मते दिली. तो आकडा प्रथम अविश्वसनीय मानून दडवण्यात आला. अखेर आयझेनहॉवर यांना ४४२ मते मिळाली आणि यंत्राचा अंदाज दडवला गेल्याची कबुली त्याच रात्री प्रेक्षकांसमोर द्यावी लागली. त्यानंतर काही वर्षे अमेरिकेत युनिव्हॅक हा शब्द संगणक याच अर्थाने वापरला जाई. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने लुइव्हिल येथील कारखान्यासाठी १९५४ मध्ये युनिव्हॅक घेतला. मात्र पन्नाशीचे दशक मध्यावर येईतो मागणीत आयबीएम पुढे निघून गेली होती. छिद्रपत्रांवर चालणारी तिची यंत्रे आधीच हजारो कार्यालयांत भाड्याने नांदत होती आणि तिचे प्रतिनिधी त्या कार्यालयांतील हिशेबनीसांना नावानिशी ओळखत होते. युनिव्हॅकच्या कीर्तीने संस्थांच्या मनात संगणकाची इच्छा जागवली. ती पुरी करण्यासाठी त्यांनी ओळखीच्या दाराकडे पाहिले.

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम ३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. त्या दिवशी अमेरिकेतील १६५ शहरांत एक लाखांहून अधिक व्यावसायिकांसमोर सभा घेण्यात आल्या. यंत्रांचा पुरवठा मात्र १९६५ मध्ये सुरू झाला. या मधल्या काळात दुसऱ्या उत्पादकाकडून संगणक घेऊ पाहणाऱ्या संस्था थांबून राहिल्या. अशा उद्घोषणेला पूर्वघोषणा म्हणता येईल. जाहिरातीच्या सर्व प्रकारांत हा प्रकार सर्वांत प्रभावी आणि सर्वांत वादग्रस्त ठरला आहे, कारण त्यात अस्तित्वात नसलेली वस्तू अस्तित्वात असलेल्या वस्तूची विक्री रोखू शकते. कंट्रोल डेटा कॉर्पोरेशनने आपला अतिवेगवान ६६०० संगणक याच सुमारास बाजारात आणला होता. आयबीएमने त्याच्या तोडीचे म्हणून जे यंत्र जाहीर केले, ते ग्राहकांच्या हाती १९६७ मध्ये पडले. कागदावरील यंत्रे दाखवून आपली विक्री अडवल्याचा आरोप करीत कंट्रोल डेटाने डिसेंबर १९६८ मध्ये दावा दाखल केला. १९७३ मध्ये तडजोड झाली आणि तिचा भाग म्हणून आयबीएमला आपली एक सेवा-कंपनी कंट्रोल डेटाला द्यावी लागली.

आयबीएमचाच एक थोर अभियंता जीन ॲमडाल १९७० मध्ये बाहेर पडला आणि त्याने आयबीएमच्या प्रणालीवर चालणारी, पण स्वतंत्र बनावटीची यंत्रे तयार केली. त्याचे म्हणणे असे, की आयबीएमचे विक्रेते संभाव्य ग्राहकांच्या मनात भीती, अनिश्चितता आणि संशय पेरतात. यंत्र चांगले असेलही, पण दुरुस्ती कोण करील, पुढची आवृत्ती येईल का, कंपनी पाच वर्षांनी असेल का, असे प्रश्न हळूच सोडून दिले जात. हे प्रश्न गैर नव्हते, हे नमूद करणे न्यायाचे आहे. दीर्घकाळ वापरावयाच्या यंत्राविषयी ते विचारलेच पाहिजेत. प्रचाराने एवढेच साधले, की ते प्रश्न एकाच बाजूला विचारले गेले. आयबीएम घेतल्यामुळे कोणाची नोकरी गेल्याचे ऐकिवात नाही, अशा अर्थाची उक्ती त्या काळी कार्यालयांत रूढ झाली. ती आयबीएमची अधिकृत जाहिरात-घोषणा नव्हती आणि तिच्यासाठी कंपनीला काही खर्चावे लागले नाही, तरी तिच्या जाहिरातींच्या अर्धशतकाचे सार तिच्यात उतरले होते. खरेदी फसली तर संस्थेचे पैसे जातात, परंतु सही करणाऱ्याची पत जाते. नामवंत कंपनीचे यंत्र बिघडले तर दोष यंत्राला मिळतो; अनोळखी कंपनीचे बिघडले तर दोष निवड करणाऱ्याला मिळतो. संस्थात्मक जाहिरात या फरकावर उभी आहे.

हा प्रचार वाहून नेणारे मुख्य साधन पुढची कित्येक दशके व्यावसायिक नियतकालिके हे होते. अमेरिकेत डेटामेशन हे मासिक १९५७ मध्ये आणि कॉम्प्युटरवर्ल्ड हे साप्ताहिक १९६७ मध्ये सुरू झाले. या प्रकारातील अनेक नियतकालिके नियंत्रित वितरणाच्या पद्धतीने चालत. वाचकाला अंक मोफत मिळे. त्या बदल्यात त्याने आपले पद, संस्थेतील कर्मचारीसंख्या, कोणती यंत्रे घेण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, हे सारे एका अर्जात भरून द्यावयाचे. तो अर्ज हीच प्रकाशकाची खरी मालमत्ता असे. अंकाच्या शेवटी क्रमांक छापलेले एक टपालपत्र असे आणि ज्या जाहिरातीविषयी अधिक माहिती हवी तिच्या क्रमांकाला वर्तुळ करून ते पाठवले, की उत्पादकाकडून माहितीपत्रके येऊ लागत. कोणत्या जाहिरातीने किती चौकश्या आणल्या याचा हिशेब त्यामुळे जाहिरातदाराला मिळे. संकेतस्थळावरील आजचा माहिती-अर्ज हा त्या टपालपत्राचा थेट वंशज आहे. भारतात या प्रकारच्या नियतकालिकांचा प्रारंभ १९८२ मध्ये सुरू झालेल्या डेटाक्वेस्टने झाला, असे म्हणता येते. आयबीएमने १९७८ मध्ये भारतातून काढता पाय घेतल्यानंतर देशी उत्पादकांसाठी खुले झालेले क्षेत्र याच काळात विस्तारत होते आणि कोणते नाव विश्वासार्ह, याविषयी खरेदीदारांना मार्गदर्शनाची खरोखर निकड होती.

वैयक्तिक संगणकाच्या आगमनाने कार्यालयीन यंत्रांची जाहिरात मोठ्या प्रमाणावर सर्वसामान्यांच्या दूरचित्रवाणीवर आली. आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला आणि त्याच्या जाहिरातींसाठी चार्ली चॅप्लिनचा भटक्या निवडला. ‘मॉडर्न टाइम्स’ या १९३६ च्या चित्रपटात कारखान्याच्या यंत्रचक्रात सापडलेला तो गरीब माणूस आता छोट्या दुकानाचे किंवा कचेरीचे हिशेब संगणकावर लीलया सांभाळताना दिसू लागला. शिस्तबद्ध आणि काहीशा धाकाच्या वाटणाऱ्या कंपनीने संगणकाची भीती घालवण्यासाठी केलेली ही निवड अत्यंत मर्मग्राही होती. ज्याच्या डोळ्यांसमोर कधी संगणक आला नव्हता अशा व्यवस्थापकाला ती सांगत होती, की हे तुलाही जमेल.

ॲपलचा अनुभव याच्या उलट आहे आणि अभ्यासकांनी त्याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. जानेवारी १९८४ मधील तिची मॅकिंटॉशची जाहिरात जगप्रसिद्ध आहे. तिच्या पुढच्याच वर्षी, २० जानेवारी १९८५ रोजी, अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात ॲपलने कार्यालयांसाठीच्या मॅकिंटॉश योजनेची जाहिरात दाखवली. डोळ्यांवर पट्टी बांधलेले, सुटाबुटातील व्यावसायिक एकामागून एक कड्यावरून खाली कोसळतात आणि शेवटचा एकटा पट्टी काढून थांबतो, असे तिचे दृश्य होते. ज्यांना यंत्र विकावयाचे होते त्यांनाच ती मूर्ख ठरवीत होती. शिवाय योजनेचा गाभा असलेला सामायिक फाइल-सर्व्हर तयारच नव्हता. व्यावसायिक वर्ग दुखावला गेला आणि जाहिरात अपयशाचे उदाहरण म्हणून उरली. घरगुती ग्राहकाला बंडखोरीचे आमंत्रण आवडू शकते. संस्थेत बंड करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी वरिष्ठांपुढे उत्तर द्यावे लागते, हा भेद तेथे विसरला गेला होता.

इंटेलने १९९१ मध्ये सुरू केलेली मोहीम हा घटक-नाममुद्रेचा सर्वांत यशस्वी प्रयोग मानला जातो. सूक्ष्मप्रक्रियक संगणकाच्या पोटात असतो. तो खरेदी करणाऱ्या संस्थेला दिसत नाही आणि इंटेलचा थेट ग्राहक तर संगणक-उत्पादक असतो. दोन वर्षे आधी, १९८९ मध्ये, इंटेलने आपल्याच २८६ या जुन्या प्रक्रियकावर लाल फुली मारून ३८६ चा पुरस्कार करणारे फलक लावले होते. त्यांचा रोख संस्थांतील संगणक-व्यवस्थापकांकडे होता. अंकांवर व्यापारचिन्हाचा हक्क सांगता येत नाही, हे न्यायालयात स्पष्ट झाल्यावर डेनिस कार्टर यांच्या नेतृत्वाखाली ‘इंटेल इनसाइड’ हे चिन्ह पुढे आले. जो उत्पादक आपल्या जाहिरातीत हे चिन्ह छापील त्याच्या जाहिरातखर्चातील काही वाटा इंटेल उचलू लागली. थोड्याच काळात शेकडो उत्पादक या योजनेत सामील झाले. त्यामुळे संस्थांच्या खरेदी-तपशिलांत प्रक्रियकाचे नाव येऊ लागले. वेग, स्मृती आणि किंमत हे निकष पूर्वीही होते. आता आतील एका भागाचा निर्माता कोण, हाही निकष झाला. जाहिरात थेट तांत्रिक तपशिलात उतरल्याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

याच कीर्तीचे ओझेही इंटेलला वाहावे लागले. १९९४ मध्ये गणिताचे प्राध्यापक टॉमस नाइसली यांना पेंटियम प्रक्रियकाच्या भागाकारात दोष आढळला. दोष विरळा प्रकट होणारा होता आणि सर्वसाधारण वापरकर्त्याला तो जाणवण्याचा संभव नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. पण प्रत्येक संगणकावर चिकटवलेल्या चिन्हाने प्रक्रियकाचे नाव आता प्रत्येकाला ठाऊक झाले होते. डिसेंबरमध्ये आयबीएमने पेंटियम असलेल्या संगणकांची पाठवणी थांबवली, इंटेलला मागेल त्याला प्रक्रियक बदलून द्यावा लागला आणि ४७.५ कोटी डॉलरांची तरतूद करावी लागली. निनावी घटकाच्या बाबतीत असे वादळ उठले नसते.

तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात तुलनात्मक जाहिरातीला विशेष महत्त्व आहे, कारण येथे वेग आणि खर्च आकड्यांत मांडता येतात आणि आकडा वाचला की तांत्रिक वाचक विसावतो. मोजमापातील मखलाशी रोखण्यासाठी १९८८ मध्ये उत्पादकांनीच एकत्र येऊन ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग परफॉर्मन्स कौन्सिल स्थापन केली. विदा-प्रणालींच्या चाचण्यांचे नियम ती ठरवते आणि लेखापरीक्षित निकाल सादर झाल्याखेरीज तिच्या चाचणीचे नाव घेऊन दावा करण्यास मनाई करते. ऑरॅकलने २००९ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलच्या पहिल्या पानावर आयबीएमपेक्षा सरस वेगाचा दावा निकाल सादर होण्याआधीच छापला, तेव्हा या परिषदेने तिला १०,००० डॉलरांचा दंड केला. इतक्या मोठ्या कंपनीला ही रक्कम नगण्य होती, परंतु निर्णय जाहीर झाला हे महत्त्वाचे. ब्रिटनमधील उदाहरण अधिक शिकवणारे आहे. लिनक्स ही प्रणाली विंडोजपेक्षा दहापट महाग पडते, असा दावा मायक्रोसॉफ्टने एका जाहिरातीत केला होता. तुलनेत लिनक्स आयबीएमच्या मेनफ्रेम श्रेणीतील महागड्या यंत्रावर चालवले होते आणि विंडोज साध्या इंटेल प्रक्रियकांच्या सर्व्हरवर. २००४ मध्ये तेथील जाहिरात मानक प्राधिकरणाने ही जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. छापलेल्या आकड्यांना आधार होता. तुलनेची मांडणी चुकीची होती.

कायदेशीर संरक्षणाचा विचार येथेच करणे योग्य. युरोपीय संघाचा २००६ चा दिशाभूल करणाऱ्या आणि तुलनात्मक जाहिरातींविषयीचा निर्देश व्यापारी संस्थांच्या संरक्षणासाठीच आहे. भारतात ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ याच्या व्याख्येप्रमाणे व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणारा सामान्यतः ग्राहक ठरत नाही. म्हणजे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीमुळे फसलेल्या कंपनीला ग्राहक आयोगाचे दार बहुधा बंद असते आणि तिला कराराच्या कलमांवर विसंबावे लागते. १९८५ मध्ये स्थापन झालेली, मुंबईस्थित भारतीय जाहिरात मानक परिषद ही स्वनियमन करणारी संस्था आहे; तिच्या संहितेनुसार तक्रार करता येते. मोठी संस्था आपले हित स्वतः पाहू शकते हे गृहीतक या रचनेमागे दिसते. लेव्हिट यांच्या निष्कर्षांपुढे ते फारसे टिकत नाही, असे म्हणावेसे वाटते.

जाहिरातीने जागवलेली अपेक्षा आणि प्रत्यक्ष उपयोग यांतील अंतर किती वाढू शकते, हे वॉटसन या आयबीएमच्या प्रणालीच्या उदाहरणावरून कळते. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘जेपर्डी’ या अमेरिकेतील लोकप्रिय प्रश्नमंजूषेत वॉटसनने केन जेनिंग्ज आणि ब्रॅड रटर या दोन सर्वश्रेष्ठ स्पर्धकांना हरवले. तो विजय निर्विवाद होता आणि त्यामागील संशोधन आदरास पात्र होते. त्यानंतर प्रणालीचे रूपांतर वैद्यकीय सल्लागारात होणार असल्याचा प्रचार झाला. २०१५ मधील एका जाहिरातीत गायक बॉब डिलन वॉटसनशी संवाद साधताना दिसले. ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राने वॉटसनवर आधारित प्रकल्प हाती घेतला. सुमारे ६.२ कोटी डॉलर खर्च झाल्यावरही तो रुग्णसेवेत वापरला गेला नाही, असे टेक्सास विद्यापीठ व्यवस्थेच्या लेखापरीक्षणातून पुढे आले. लेखापरीक्षकांनी खरेदीच्या पद्धतीवरही आक्षेप घेतले होते. प्रश्नमंजूषेचे उत्तर एकच आणि निश्चित असते. रुग्णाची कागदपत्रे अपुरी, परस्परविरोधी आणि सतत बदलणारी असतात. खरेदीच्या टेबलावर हा फरक स्पष्ट मांडणारा कोणीतरी असावयास हवा होता. आयबीएमने आपल्या आरोग्य-विभागाची मालमत्ता २०२२ मध्ये विकून टाकली.

कोट्यवधी लोक पाहतात अशा ठिकाणी मूठभर खरेदीदारांसाठी जाहिरात का करावी, हा प्रश्न साहजिक आहे. ॲडलेड येथील दक्षिण ऑस्ट्रेलिया विद्यापीठातील जॉन डॉस यांनी २०२१ मध्ये त्याचे साधे गणित मांडले. एखादी सेवा संस्था पाच वर्षांतून एकदा बदलत असतील, तर एका वर्षात २० टक्के आणि एका तिमाहीत जेमतेम ५ टक्के संस्था खरेदीच्या विचारात असतात. उरलेल्या ९५ टक्क्यांना आज काहीच घ्यावयाचे नसते. जाहिरात त्यांच्या स्मृतीसाठी असते. विमानतळावरील सॅप किंवा ॲक्सेंचर यांचे फलक याच हिशेबाने लावलेले असतात. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०१४ पासून न्यूयॉर्कच्या आणि २०२२ पासून लंडनच्या मॅरेथॉनला आपले नाव दिले आहे. धावणाऱ्या हजारो लोकांपैकी बहुतेक जण तिच्या सेवा कधीच विकत घेणार नाहीत. परंतु मोठ्या बँकेच्या संचालक मंडळासमोर या कंपनीचा प्रस्ताव येईल, तेव्हा ते नाव तेथे अनोळखी असणार नाही. भारतीय कंपनीने पाश्चात्त्य बाजारपेठेत हा मार्ग चोखाळणे ही दीर्घ पल्ल्याच्या आत्मविश्वासाची खूण आहे.

लहान व्यवसायांत ही सारी प्रक्रिया वेगळे रूप घेते. आपल्याकडील दुकानदार किंवा छोटा कारखानदार हिशेबाचे सॉफ्टवेअर घेताना बहुधा आपल्या चार्टर्ड अकाउंटंटचा शब्द मानतो. म्हणजे प्रभावक संस्थेच्या बाहेर असतो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा प्रसार समजून घेताना हे ध्यानात घ्यावे लागते. शिवाय वर्तमानपत्रांतील छोट्या जाहिरातींत ‘टॅलीचे ज्ञान आवश्यक’ असे वर्षानुवर्षे छापून येत राहिले. नोकरीच्या जाहिराती देणाऱ्यांचा तसा हेतू नव्हता, तरी त्यांनी एका प्रणालीला प्रमाणाचे स्थान दिले. तरुण ती शिकू लागले, ती येणारी माणसे सहज मिळू लागली आणि म्हणून पुढचा व्यावसायिकही तीच घेऊ लागला.

मोठ्या संस्थांत आज जाहिरातीइतकाच, किंबहुना अधिक, आधार विश्लेषण-संस्थांच्या अहवालांचा घेतला जातो. गिडियन गार्टनर यांनी १९७९ मध्ये स्थापन केलेल्या गार्टनर या कंपनीची चौकोनी आकृती त्यांत सर्वांत परिचित आहे. कार्यवाहीची क्षमता आणि दृष्टीची परिपूर्णता या दोन अक्षांवर ती उत्पादकांना चार कप्प्यांत बसवते व उजवीकडील वरच्या कप्प्यातल्यांना अग्रणी म्हणते. हा अहवाल म्हणजे जाहिरात नव्हे. परंतु खरेदीदार आणि विक्रेते दोघेही अशा कंपन्यांचे वर्गणीदार असतात. तसेच आकृतीत चांगले स्थान मिळालेला विक्रेता अहवालाच्या पुनर्मुद्रणाचा हक्क विकत घेऊन तो आपल्या प्रचारात वापरतो. अशा प्रकारे त्रयस्थ मूल्यमापन जाहिरातीच्या ताफ्यात सामील होते.

भारतातील सार्वजनिक संस्थांची खरेदी निविदेने होते आणि महाराष्ट्रात दोन लिफाफ्यांची पद्धत सुपरिचित आहे. आधी तांत्रिक लिफाफा उघडतात. त्यात पात्र ठरलेल्यांचाच आर्थिक लिफाफा उघडला जातो आणि सामान्यतः न्यूनतम दराच्या देकाराला काम मिळते. या पद्धतीत जाहिरातीला वाव उरत नाही, असे वाटू शकते. प्रत्यक्षात तिचा प्रभाव एक पायरी मागे सरकून पात्रतेच्या अटींत जाऊन बसतो. निर्माता अमुक विश्लेषण-अहवालात अग्रणी असावा, त्याची प्रणाली अमुक आकाराच्या इतक्या संस्थांत चालू असावी, वार्षिक उलाढाल इतक्या कोटींची असावी, अशा अटी बँका आणि शासकीय उपक्रम यांच्या निविदांत पुष्कळदा आढळतात. त्यांतील काही अटी आवश्यक असतात. काही केवळ परिचित नावे आत ठेवून अपरिचितांना बाहेर काढतात. केंद्र शासनाच्या २०१७ च्या देशी उत्पादनास प्राधान्य देणाऱ्या खरेदी-आदेशाने देशी पुरवठादारांना अकारण वगळणाऱ्या अटींना आळा घातला आहे. त्या आदेशाचा आधार घेण्याची योग्य जागा म्हणजे निविदापूर्व बैठक. तेथे लहान उत्पादकाने अटीवर लेखी आक्षेप नोंदवला आणि समितीला तो पटला, तर शुद्धिपत्रक निघते, अट बदलते आणि लिफाफे उघडण्याची तारीख पुढे जाते.